ध्रुव, विक्रम, शक्ती... पण सॉफ्टवेअरमध्ये नाव कोणतं?

डिसेंबर २०२५मध्ये सी-डॅकच्या ‘ध्रुव६४’ प्रोसेसरची बातमी आली. ६४-बिट, दोन कोअर, वेग १ गिगाहर्ट्झ. त्याआधी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत इस्रोची ‘विक्रम ३२०१’ ही चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली होती. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि आयआयटी मुंबईचा ‘अजित’ ही नावं तर त्याच्याही आधीपासून ऐकिवात आहेत. दर वेळी मथळा साधारण सारखाच: स्वदेशी प्रोसेसर आला.

मथळ्यात न येणारी गोष्ट अशी, की यातलं एकही नाव सॉफ्टवेअरच्या जगात आर्किटेक्चरचं नाव म्हणून चालत नाही. लिनक्सच्या मूळ कोडमध्ये प्रत्येक प्रोसेसर आर्किटेक्चरसाठी एक फोल्डर असतो. त्या यादीत ध्रुव नाही, शक्ती नाही, अजित नाही, विक्रमही नाही. ध्रुव आणि शक्ती यांचं घर ‘रिस्कव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. अजितचं नातं ‘स्पार्क’शी. विक्रमची तर तिथे नोंदच नाही.

हे वाचून कुणाला कमीपणा वाटू शकेल. पण प्रोसेसरच्या नावांचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर ध्रुव आणि शक्ती यांनी वेगळं नाव न मागणं हीच त्यांची मोठी कमाई आहे, हे लक्षात येतं.

वस्तूचं नाव वेगळं, भाषेचं नाव वेगळं

चिप ही वस्तू आहे. आर्किटेक्चर म्हणजे त्या वस्तूला समजणाऱ्या आज्ञांची ठरलेली यादी: बेरीज कशी सांगायची, मेमरीतून आकडा कसा उचलायचा, कोणत्या अटीवर पुढे उडी मारायची. दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपना एकच यादी समजत असेल, तर एकीसाठी बांधलेला प्रोग्राम दुसरीवरही चालतो. बेळगावची आणि इंदूरची माणसं वेगळ्या राज्यांत राहतात, पण भाषा एक असल्यामुळे त्यांना एकमेकांचं कळतं. त्यातलाच हा प्रकार.

नवं आर्किटेक्चर आलं की सॉफ्टवेअरवाल्यांना सुरुवातीलाच त्याचं बारसं करावं लागतं. कारण ते नाव पुढे जागोजागी लागतं. कोडच्या फोल्डरला, कंपायलरला, पॅकेजच्या फाइलनावात, डाउनलोडच्या पानावर. शिवाय ‘तू कोणत्या जातीचा संगणक आहेस?’ असं मशीनला विचारणारी एक आज्ञा असते, तिच्या उत्तरातही तेच नाव येतं. मग जगभरचे प्रोग्रामर आपापल्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवतात, की उत्तर अमुक आलं तर अमुक फाइल उतरव. एकदा हे झालं की नाव बदलणं जवळपास अशक्य.

सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१४मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण रेल्वेत स्टेशनचा कोड आजही बीजीएमच आहे. बडोद्याचं वडोदरा झालं, तरी कोड बीआरसी. मुंबईचं अधिकृत नाव १९९५मध्ये बदललं, विमानात टाकलेल्या बॅगेच्या चिठ्ठीवर मात्र अजून बीओएम. रस्त्यावरची पाटी एका रात्रीत बदलता येते. यंत्रणेत शिरलेलं नाव तसंच राहतं.

एक चिप, दोन नावं

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे आर्म. बहुतेक सगळ्या मोबाइलमध्ये याच ब्रिटिश कंपनीचं आर्किटेक्चर असतं. ऑक्टोबर २०११मध्ये आर्मने आपली आठवी आवृत्ती जाहीर केली आणि त्यात पहिल्यांदा ६४-बिटची सोय आली. कंपनीने तिला नाव दिलं ‘एआर्च६४’. जुन्या ३२-बिट आज्ञा आणि या नव्या आज्ञा यांत खूप फरक होता. जुन्याच घरावर एक मजला चढवला, असं ते काम नव्हतं. म्हणून वेगळं नाव हवं, हे कंपनीचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

जुलै २०१२मध्ये आर्मचे इंजिनिअर कॅटालिन मारिनास यांनी लिनक्समध्ये घालण्यासाठी कोड पाठवला. फोल्डरचं नाव अर्थातच एआर्च६४. आणि तिथेच अडलं. कोडवर चर्चा व्हायची ती नावावरच रंगली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यासह अनेकांना ते नाव पसंत पडेना. एआर्च६४ ऐकून हे आर्मचं आहे हे कुणाला कळणार, त्यापेक्षा ‘आर्म६४’ म्हणा, सगळ्यांना समजेल, असा सूर होता. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की कंपायलरमध्ये एआर्च६४ हे नाव रुजू झालंय, कंपनीच्या कागदपत्रांत तेच आहे, आता नवं नाव काढाल तर घोळ होईल.

शेवटी तोडगा निघाला तो अर्धा-अर्धा. फोल्डरचं नाव आर्म६४ झालं आणि डिसेंबर २०१२मध्ये आलेल्या लिनक्स ३.७मध्ये ते रुजू झालं. मशीनला जात विचारली, तर उत्तर मात्र एआर्च६४ हेच राहिलं. म्हणजे पाळण्यातलं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं. अशा माणसाला पुढे आधार, पॅन, पासपोर्ट काढताना काय त्रास होतो, हे घरोघरी माहीत आहे. इथेही तेच झालं.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांनी पॅकेजवर आर्म६४ लिहिलं. फेडोराने एआर्च६४ धरलं. ॲपलच्या नव्या मॅकला जात विचारली तर उत्तर येतं आर्म६४, तशाच जातीच्या चिपवर चालणारं लिनक्स म्हणतं एआर्च६४. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात २०१४मध्ये काही काळ एकाच आर्किटेक्चरसाठी दोन वेगळे विभाग शेजारी शेजारी नांदत होते. ॲपलने दिलेला आर्म६४ आणि आधीपासून असलेला एआर्च६४. नंतर दोन्ही एकत्र करून एआर्च६४ हे नाव ठेवलं गेलं. आजही एखादी इन्स्टॉल स्क्रिप्ट फक्त एकच नाव ओळखणारी असेल, तर सगळं ठीक असूनही ‘तुमचा संगणक चालत नाही’ असं सांगून मोकळी होते. बिघाड कुठेच नसतो, फक्त नाव जुळत नाही.

कंपनीचं नाव चिकटलं की

त्याच्या आधीचा घोळ तर अजून रोज दिसतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी उबुंटू उतरवायला बसतो. फाइलच्या नावात ‘एएमडी६४’. लॅपटॉपवर स्टिकर इंटेलचं. मग ही फाइल आपल्यासाठी नाही असं समजून तो दुसरीच शोधत बसतो. खरं तर हवी तीच फाइल समोर असते.

घडलं ते असं. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटेलने ६४-बिटसाठी संपूर्ण नवीन वाट धरली. आर्किटेक्चरचं नाव आयए-६४, चिपचं नाव इटॅनियम. एएमडीने त्याच सुमारास जुन्या एक्स८६लाच ६४-बिटपर्यंत वाढवलं आणि एप्रिल २००३मध्ये ऑप्टेरॉन बाजारात आणला. लोकांनी एएमडीची वाट उचलून धरली. जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालत होते ना! २००४मध्ये इंटेललाही त्याच वाटेला यावं लागलं. पण प्रतिस्पर्ध्याचं नाव तोंडाने कसं घेणार? मग आधी आयए-३२ई, नंतर ईएम६४टी, शेवटी ‘इंटेल ६४’ अशी नावं बदलत गेली. मायक्रोसॉफ्टने दोघांनाही टाळून एक्स६४ म्हटलं. लिनक्सने एक्स८६_६४. डेबियनने मूळ जन्मदात्याला मान देऊन एएमडी६४ ठेवलं, तेच उबुंटूकडे आलं. गंमत म्हणजे विंडोजमध्येही आत डोकावून पाहिलं, तर इंटेलच्या मशीनवर प्रोसेसरची जात एएमडी६४ अशीच लिहिलेली असते.

इंटेल ६४ आणि आयए-६४ या दोन नावांत तर फक्त दोन-चार अक्षरांचं अंतर. पण एकीसाठी बांधलेला प्रोग्राम दुसरीवर चालत नाही. इटॅनियम पुढे मागे पडला आणि जानेवारी २०२४मध्ये आलेल्या लिनक्स ६.७मधून त्याचा फोल्डरही गेला.

यातून सॉफ्टवेअरवाले दोन गोष्टी शिकले. एक, नावात कंपनी नको. आज तिची मक्तेदारी असेल, उद्या शेजारी तीच भाषा बोलू लागतो आणि नाव दिशाभूल करू लागतं. दोन, फोल्डरच्या नावात ६४चा आकडा शक्यतो नको. लिनक्समध्ये आय३८६ आणि एक्स८६_६४ असे दोन फोल्डर काही वर्षं वेगवेगळे होते. एकाच चुकीची दुरुस्ती दोनदा करावी लागायची. जानेवारी २००८मध्ये आलेल्या २.६.२४ आवृत्तीत दोन्ही मिळून एकच ‘एक्स८६’ झाला. पॉवरपीसीचंही तसंच झालं.

एका रेघेचं भांडण

बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल अशी आणखी एक अडचण म्हणजे विरामचिन्हं. कंपायलरच्या जगात पूर्ण नाव तीन-चार तुकड्यांचं असतं आणि तुकडे हायफनने जोडतात. त्यामुळे नावात स्वतःचा हायफन चालत नाही. म्हणून एक्स८६-६४चं एक्स८६_६४ झालं, खालची रेघ घालून. डेबियनच्या पॅकेजमध्ये नेमकं उलटं. तिथे नाव, आवृत्ती आणि आर्किटेक्चर यांच्यामध्ये खालची रेघ असते, म्हणून आर्किटेक्चरच्या नावात ती रेघ चालत नाही. पॉवरपीसीच्या एका प्रकाराला फेडोरा ‘पीपीसी६४एलई’ म्हणतं आणि डेबियन ‘पीपीसी६४ईएल’. दोन अक्षरांची अदलाबदल, आणि स्क्रिप्ट बंद. म्हणून नवं नाव सुचवणाऱ्याला हल्ली सल्ला मिळतो तो साधा: छोटी रोमन अक्षरं, आकडे, आणि मध्ये कुठलंही चिन्ह नको.

खरा धोका: नाव एक, माल दोन

एका वस्तूला दोन नावं असली, तर मनस्ताप होतो. एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू असल्या, तर प्रोग्राम चालता चालता कोसळतो.

२०१२मध्ये रास्पबेरी पाय हा स्वस्त छोटा संगणक आला. त्याची चिप आर्मच्या सहाव्या आवृत्तीची. डेबियनमध्ये दशांश गणित हार्डवेअरवर करणाऱ्या आर्म मशीनसाठी ‘आर्मएचएफ’ असं नाव होतं, पण त्यासाठी सातवी आवृत्ती लागायची. मग पायसाठी सगळी पॅकेजं सहाव्या आवृत्तीवर नव्याने बांधून रास्पबियन तयार झालं. काम उत्तम होतं, फक्त नाव तेच ठेवलं: आर्मएचएफ. परिणाम असा, की डेबियनचं आर्मएचएफ पॅकेज पहिल्या पायवर विनातक्रार इन्स्टॉल व्हायचं आणि चालू केलं की चिपला न कळणारी आज्ञा येऊन बंद पडायचं. कित्येक हौशी मुलांनी यात रात्री घालवल्या.

चीनमध्ये लूंगसन कंपनीने जुनं मिप्स आर्किटेक्चर सोडून ‘लूंगआर्च’ हे स्वतःचं आर्किटेक्चर आणलं. २०२२च्या लिनक्स ५.१९मध्ये ते अधिकृतपणे आलं. पण त्याआधीच चिनी बाजारात त्यासाठी तयार केलेल्या प्रणाली विकल्या गेल्या होत्या आणि लिनक्समध्ये स्वीकारल्या गेलेल्या रूपाशी त्यांचं जुळत नव्हतं. एकाच चिपवर ‘जुनं जग’ आणि ‘नवं जग’ असे दोन पंथ पडले. एकाचे प्रोग्राम दुसऱ्यात सरळ चालत नाहीत. इथे वेगळ्या नावाचा उपयोग झाला. डेबियन पद्धतीच्या पॅकेजवर जुन्या जगात ‘लूंगआर्च६४’ लिहिलेलं असतं, नव्या जगात ‘लूंग६४’. निदान पाटी पाहून कळतं, की हा माल आपला नाही.

भारताने काय केलं?

रिस्क-फाइव्हचा जन्म २०१०मध्ये अमेरिकेत, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. तिथल्या रिस्क घराण्यातली ही पाचवी पिढी, म्हणून रोमन पाच. लिहिताना ‘व्ही’ आणि बोलताना ‘फाइव्ह’, हा गोंधळ त्या नावातही आहेच. पण बाकी बाबतीत आधीच्या चुका टाळलेल्या दिसतात. नावात कंपनी नाही. यादी खुली आहे, वापरायला परवाना-शुल्क नाही. जानेवारी २०१८च्या लिनक्स ४.१५मध्ये फोल्डर आला तो नुसता ‘रिस्कव्ही’, हायफन काढून, ३२ आणि ६४ दोन्हींसाठी एकच. तिचं कामकाज पाहणारी संस्था २०२०पासून स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली आहे.

एप्रिल २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘डीआयआर-व्ही’ हा कार्यक्रम जाहीर केला, तो याच आर्किटेक्चरवर. मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचं वेगा घराणं, ज्यात ध्रुव६४ येतो, ही सगळी मंडळी रिस्क-फाइव्हची भाषा बोलतात. याचा फायदा रोकडा आहे. कंपायलर तयार, लिनक्स तयार. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ‘रिस्कव्ही६४’ला पहिल्यांदाच अधिकृत आर्किटेक्चरचं स्थान मिळालं आणि हजारो पॅकेजं त्या नावाखाली उपलब्ध झाली. भारताने ‘ध्रुव’ नावाची वेगळी आज्ञायादी काढली असती, तर हे सगळं शून्यापासून बांधावं लागलं असतं, आणि जगातल्या प्रत्येक प्रकल्पाच्या दारात जाऊन आमचंही नाव यादीत घ्या म्हणून उभं राहावं लागलं असतं.

विक्रम ३२०१ने ती वाट घेतली आहे, पण तिथे कारण वेगळं. त्याचा थोरला भाऊ, १६-बिटचा विक्रम १६०१, २००९पासून इस्रोच्या रॉकेटमध्ये काम करतोय. आज्ञायादी इस्रोची स्वतःची. ॲडा भाषेचा कंपायलर, असेंबलर, लिंकर, सिम्युलेटर ही सगळी हत्यारंही इस्रोने स्वतःच घडवली. रॉकेटमधल्या संगणकावर कुणी ब्राउझर उघडत नाही. तिथे एकाच संस्थेचं सॉफ्टवेअर, एकाच कामासाठी, वर्षानुवर्षं चालायचं असतं. अशा ठिकाणी जगाच्या यादीत नाव नसलं तरी बिघडत नाही. हाच हिशोब कॉलेजच्या लॅबला किंवा ऑफिसातल्या संगणकाला लावता येणार नाही.

आयआयटी मुंबईच्या अजितने २०१९मध्ये तिसरी वाट दाखवली. त्याने स्पार्क हे जुनं, प्रस्थापित आर्किटेक्चर घेतलं. सॉफ्टवेअर होतं, पण स्पार्कची मूळ कंपनी सन पुढे ओरॅकलने घेतली आणि २०१७च्या सुमारास ओरॅकलने नव्या स्पार्क चिपचं काम गुंडाळलं. नाव यादीत असून भागत नाही, त्या नावामागे काम करणारी माणसंही टिकावी लागतात.

रिस्क-फाइव्हमध्येही सगळं आलबेल नाही

आर्मएचएफचा धडा रिस्क-फाइव्हलाही चुकलेला नाही. या आर्किटेक्चरचा गाभा लहान आहे आणि त्यावर गरजेप्रमाणे जोड लावता येतात. लवचीकपणा चांगला, पण मग ‘रिस्कव्ही६४’ म्हटल्यावर नेमकं काय काय मिळेल? यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०२४मध्ये ‘आरव्हीए२३’ हा ठरावीक संच मंजूर झाला. उबुंटूने ऑक्टोबर २०२५च्या आवृत्तीपासून तो सक्तीचा केला. लोकांनी तोवर विकत घेतलेल्या बहुतेक बोर्डांमध्ये तो संच नव्हता. म्हणजे डेबियनचं रिस्कव्ही६४ जुन्या बोर्डावर चालतं आणि उबुंटूचं नवं रिस्कव्ही६४ चालत नाही. नाव मात्र दोन्हीकडे एकच.

भारतासाठी कळीचा मुद्दा इथे आहे. चिपवर कोणतं संस्कृत नाव छापलंय यावरून ती किती वर्षं उपयोगी पडेल हे कळत नाही. ती कोणत्या संचाला पुरी पडते, यावरून कळतं. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या कॉलेजात असो, की पुण्यात, बडोद्यात किंवा हैदराबादेत, एखाद्या विभागाने उद्या स्वदेशी बोर्ड घेतले आणि दोन वर्षांनी त्यावर नवं सॉफ्टवेअर चढेना, तर दोष देशी मालाला लागेल. कारण असेल नुसतं एवढंच, की घेताना नाव पाहिलं, संच पाहिला नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘स्वदेशी प्रोसेसर’ असा मथळा दिसला, की तीन गोष्टी विचाराव्यात. तो कोणत्या आर्किटेक्चरची भाषा बोलतो? त्या भाषेच्या कोणत्या ठरावीक संचाला तो पुरा पडतो? आणि त्याच्यासाठीचा कोड मूळ लिनक्समध्ये गेला आहे, की संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर वेगळा ठेवलाय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बातमीत बहुधा सापडतं. दुसऱ्या-तिसऱ्याचं क्वचित. शक्तीवर काम करायला शिकलेल्या मुलीला ध्रुववरही काम करता यावं आणि उद्या परदेशी रिस्क-फाइव्ह चिपवरही, हे या दोन उत्तरांवर ठरणार आहे.